साठच्या खाली यायचं नाय

गाडी बघायला गेले की मामा आधी गाडीकडे बघायचेच नाहीत. मालकाच्या दारात सोडलेल्या चपला बघायचे. डावी चप्पल जास्त झिजलेली दिसली की आमच्या कानाशी येऊन सांगायचे, "हा क्लचवर पाय ठेवून बसनारा हाय." मग बॉनेटवर तळवा टेकवायचे आणि मालकाला पहिला प्रश्न विचारायचे, "पिते किती?"

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. नात्याने कुणाचाच मामा नाही आणि शहापूरपासून मुरबाडपर्यंत सगळ्यांचा मामा. तरुणपणी ते म्हशाच्या जत्रेत बैलांचे दलाल होते. पुढे बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, आणि आमच्यासारखे शिक्षक, तलाठी, कंपनीत जाणारी पोरं जुन्या छोट्या गाड्या घ्यायला लागली. मामांनी धंदा बदलला, पण स्वतःत काही बदल केला नाही. बैलाच्या मालकाला ते "खातो किती" विचारायचे, गाडीच्या मालकाला "पिते किती" विचारू लागले. त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, हे सांगितलं तर कुणाला पटत नसे.

मालकाने सांगितलेल्या अॅव्हरेजवर त्यांचा काडीचा विश्वास नसे. पंपावर टाकी काठोकाठ भरायची, म्हसा गावापर्यंत जाऊन परत यायचं, आणि त्याच पंपावर पुन्हा भरायची. किती लिटर मावलं ते ते स्वतः वाकून बघायचे. आमच्या शाळेतल्या एका गुरुजींनी लाल गाडी पसंत केली, तेव्हा मालकाने अॅव्हरेज जास्त दिसावं म्हणून चाकांत हवा ठासून भरून ठेवली होती. मामांनी टायरला अंगठा लावला आणि मालकाला म्हणाले, "हवा निम्मी सोडा आनि मंग बोला." मालक बिचारा पाठ करून हवा सोडत बसला.

भाव मात्र ते जुन्याच पद्धतीने करायचे. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा असे दोन हात, वरून टॉवेल, आणि तोंडाने अवाक्षर नाही. लाखाचा आकडा आधी तोंडी सांगून टाकायचा. वरचे हजार बोटांनी ठरवायचे. एक बोट दाबलं की दहा हजार, पंजा धरला की पन्नास. दोघांच्या माना हलल्या की सौदा झाला, मग मागे फिरायचं नाही. गाडीतली खोट ते समोरच्याला आधीच सांगून टाकत, मग ते विकणाऱ्याकडून आलेले असोत की घेणाऱ्याकडून. वर सौदा झाल्यावर "जास्त दिलंस" किंवा "कमी घेतलंस" हेही तोंडावर सांगत. त्यामुळे पुष्कळ लोक त्यांच्यावर चिडून असायचे, आणि पुढची गाडी घ्यायची झाली की पुन्हा त्यांनाच शोधत यायचे.

मामींना हृदयाचा त्रास होता. एसटीची पायरी चढली तरी त्यांना धाप लागायची. तेवढ्यासाठी मामांनी एक पांढरी छोटी गाडी घेतली होती, गॅसवर चालणारी. शेजारचा रिक्षावाला ती चालवायचा आणि मामींना कल्याणला डॉक्टरकडे नेऊन आणायचा. मामा पुढे बसून त्याला सारखे सांगायचे, "गियर वाढव, गियर वाढव, कशाला पाजतोस तिला?"

गेल्याच्या गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की झडप बदलावी लागेल, आता थांबता येणार नाही. सरकारी योजनेत बसत होतं ते बसलं. वरचं बसेना. मुलगी कसाऱ्याला, जावई रोजंदारीवर, त्यांच्याकडून यायचं ते आलं. उरलेल्यासाठी मामांनी गाडी विकायला काढली आणि एका रविवारी सकाळी माझ्या घरी आले.

"मास्तर, उद्या माज्यासाठी हात घालाल काय?"

मी हसलो. म्हटलं, "मामा, तुम्ही असताना मी?"

"आपल्या जनावराला आपला हात घालायचा नाय. मालकाचा हात थरथरतो. समोरच्याला कलतो." मग म्हणाले, "एक लाख साठ. साठच्या खाली यायचं नाय. खाली आलो तर मामीचा जमत नाय."

इतकं स्पष्ट सांगितलं होतं हो. मला समजलं नाही असं म्हणायला जागाच नाही.

घेणारा मुरबाडकडचा होता. त्याचा बाप बैलांचा व्यापारी, हा गाड्यांचा. पन्नाशीचा, जाडजूड, पान खाणारा. मामांच्या ओटीवर आम्ही समोरासमोर बसलो. मामी आत पलंगावर होत्या, दार उघडं होतं. मामांनी नेहमीप्रमाणे आधी गाडीची खोट सांगून टाकली. पुढचं डावं दार एकदा ठोकलेलं आहे आणि रंग नंतर मारलेला आहे. मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या हातावर टॉवेल टाकला आणि ओटीच्या कडेला जाऊन पाठमोरे उभे राहिले.

मी एक ऐंशीपासून सुरुवात केली, त्याने एक वीसपासून. मी सत्तरवर आलो, तो तीसवर आला. मी साठ केले. पंजा धरला आणि वर एक बोट दाबलं. त्याने चार बोटं धरली आणि मग काहीच केलं नाही. नुसता हात धरून बसला.

आता जे सांगतो त्याची मला अजून लाज वाटते. परक्या पुरुषाचा हात इतका वेळ धरून बसायची मला सवय नव्हती. त्याचा हात गरम होता, घामाने ओला होता, आणि तो माझ्या तोंडाकडे एकटक बघत होता. त्याला काही घाई नव्हती. पाच मिनिटं झाली असतील, मला तासभर वाटला. मला नुसतं वाटत होतं की हे संपावं, माझा हात सुटावा. आत मामी खोकल्या. त्याने चार बोटं पुन्हा दाबली आणि माझी मान हलली.

मान हलली म्हणजे सौदा झाला. टॉवेल निघाला. त्याने मोठ्याने सांगितलं, "एक चाळीस."

मामा वळले. क्षणभर त्यांनी डोळे मिटले, एवढंच. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बरोबर झाला. साठ मीच जरा वाढवून धरला व्हता."

मी ते खरं मानलं. म्हणजे, मानायला मला सोयीचं होतं. ज्या माणसाने आयुष्यभर कुणाला तोंडदेखलं बरं म्हटलं नाही, तो मला कशाला खोटं सांगेल, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली. पुढच्या आठवड्यात बाजारात भेटले तेव्हा मी विचारलं, "पैसे पुरले ना मामा?"

"पुरले."

"ऑपरेशन कधी?"

"डॉक्टर गावाला गेलेत. पुढची तारीख देतील." आणि मला म्हणाले, "तुमी शालेत जावा, उशीर होईल."

मामी त्यानंतर पंधरा दिवसांनी गेल्या. कल्याणला नेताना, भाड्याच्या जीपमध्ये, मधल्या सीटवर बसूनच. आडवं व्हायला जागा नव्हती.

दहाव्याला गेलो होतो. घाटावरून परत येताना त्यांची मुलगी माझ्याबरोबर चालत होती. ती रागाने बोलली नाही. मला माहीतच असणार असं धरून बोलली. डॉक्टर कुठेही गेले नव्हते. तारीख मिळाली होती, वीस हजार कमी पडले म्हणून ती तारीख हुकली. मामा उरलेल्यासाठी डोळखांबपासून किन्हवलीपर्यंत पाहुण्यांच्या दारात फिरत होते.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. माझ्या बँकेत तेवढे होते. त्या दिवशीही होते.

"मी म्हटलंवता बाबांना, मास्तरांकडं जावा म्हनून. नाय म्हनाले. मास्तरांना कललं तर जन्मभर खात बसतील सोताला, म्हनाले."

मी घरी येऊन अंघोळ केली आणि ओली चादर गुंडाळून बसल्यासारखा दोन दिवस बसून राहिलो. बायकोने विचारलं तर तिलाही सांगितलं नाही. मामांना तोंड दाखवायचं धाडस होईना. बाजारात ते लांबून दिसले की मी गल्लीत वळायचो.

महिनाभराने तेच माझ्या दारात आले. माझी बदली मुरबाडच्या पलीकडच्या शाळेत झाल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. बाईकवरून रोज जाऊन माझी कंबर धरली होती, तेही सांगितलं होतं. "चला," म्हणाले, "एक बारकी गाडी बघून ठेवलीय. पीत नाय फार."

नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. गेलो. गाडी राखाडी होती, एका निवृत्त पोस्टमनची. मामांनी चपला बघितल्या, बॉनेटवर तळवा ठेवला, टाकी भरून पोस्टमनला गाडी फिरवून आणायला लावली. वाळले होते फार. सदरा खांद्यावरून उतरत होता. पण हाताला हात लागला तेव्हा ते अगदी स्वस्थ बसले, पोस्टमनच्या नजरेला नजर देऊन. भिंतीवरचं घड्याळ मला ऐकू येत होतं. मी बाहेर जाऊन उभा राहिलो, मला बघवेना.

आत बोलावलं तेव्हा पोस्टमन हसत होता, मामाही. सौदा दोघांनाही पटला होता. पोस्टमनने सांगितलेल्या भावातून वीस हजार कमी झाले होते.

परत येताना मामांनी स्टँडवर गाडी थांबवायला लावली, आम्ही उतरलो. आणलेल्या पैशांतले वीस हजार माझ्या खिशात उरले होते. मी ते बाहेर काढले आणि मामांच्या हातात दिले. काय बोलायचं ते मी रस्ताभर ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना. "मामा, मला कळलंय सगळं," एवढंच म्हणालो.

त्यांनी पैशांकडे पाहिलं. कसाऱ्याची एसटी लागली होती, ते मुलीकडे कायमचे राहायला निघाले होते, हे मला तिथे कळलं. त्या हिवाळ्यात ते तिकडेच वारले, आमची भेट ती शेवटचीच.

त्यांनी नोटा माझ्या सदऱ्याच्या खिशात परत घातल्या, पडू नयेत म्हणून वरून दोनदा थोपटलं, आणि म्हणाले, "आता कशाला, मास्तर?"