लाल ठिपका स्थिर राहीना तेव्हा

छप्पन्नाव्या वर्षी माझ्या एअर पिस्तुलाच्या टोकावरची खूण धूसर दिसायला लागली. खूण दिसली नाही की नेम गेलाच. "चष्मो बदल गो," नवरा म्हणाला. दोन चष्मे झाले, फरक शून्य.

आमच्या क्लबच्या स्पर्धेत ज्येष्ठांच्या गटाला डॉट चालतो. छोट्या काचेत लाल ठिपका दिसतो, तो लक्ष्यावर ठेवायचा, बस. मी घरात जाहीर केलं, डॉटवर जमलं तर स्पर्धेला उतरेन, नाहीतर पिस्तूल विकून टाकीन. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. बोलले की बोलले.

डॉट घेणं सोपं. तो पिस्तुलावर धरून ठेवणारा माउंट निवडण्यात खरा कस लागतो. क्लबात जो तो सल्ला द्यायला पुढे. मी सगळ्यांना गप्प केलं. उंच माउंट नको, ठिपका शोधण्यातच मनगट दमतं. साधे लोखंडी स्क्रू नकोत, मालवणच्या खाऱ्या हवेत गंजून जाम होतात. नळीवरची खाच मी स्वतः मोजली आणि बुटका, दोन स्टेनलेस स्क्रूंचा माउंट मागवला. तो इतका चपखल बसला की नवऱ्याला तीनदा बोलावून दाखवला.

पण हात उचलला की ठिपका नाचायचा. स्क्रू आवळले, तरी तेच. दुसरा माउंट मागवला, तोही तसाच. माझं डोकं फिरलं. विकणाऱ्याला फोनवर असं झापलं की तो बिचारा "हो बाई, हो बाई" करायला लागला.

शेवटी कुडाळच्या एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडे गेले. म्हटलं, हा माउंट ढिला आहे, तुम्ही नवा करून द्या. त्याने रिकामं पिस्तूल फडक्यात गुंडाळून व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलं, काचेतून बघितलं आणि मला बघायला सांगितलं. ठिपका समोरच्या कॅलेंडरवर एका तारखेवर गप्प बसला होता.

"बाई, माउंट बरो आसा," तो हळूच म्हणाला. "हात हलता तुमचो." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "माझो पण हलता. म्हणान मी कोपर टेकवन काम करतंय."

आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग खरंच भीती वाटली. धूसर खुणेत माझी थरथर मला कधी दिसलीच नव्हती. इतकी वर्षं मी स्वतःला भक्कम समजत होते.

घरी नवऱ्याने विचारलं, "गावलो दोष?"

"गावलो. माझ्या हातात आसा."

एरवी असली संधी तो सोडत नाही. त्या दिवशी हसला नाही. एवढंच म्हणाला, "मगे, पिस्तूल इकतलंस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात लक्ष्य टांगलं आणि पिस्तूल उचललं. ठिपका हलला. या वेळी त्याला दटावलं नाही, हलू दिलं. नीट बघितलं तर तो काळ्या गोलातल्या गोलातच फिरत होता, बाहेर जात नव्हता. ट्रिगर सावकाश दाबला. दहा छर्रे, दहाही काळ्यात.

मी नवऱ्यासमोरच क्लबला फोन लावला. म्हटलं, "माझं नाव लिहून घ्या. हात थरथरतो, पण मी येतेय."