झोपेची चौकशी करणाऱ्या शकुंतलाताई

शकुंतलाताई ढोले यांना मी प्रथम पाहिले ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, वर्ध्याजवळच्या एका रुग्णालयात. मी तेव्हा आष्टीला शाळेत होते आणि माझा एकोणीस वर्षांचा भाऊ संजूदादा तिथे मानसोपचार वॉर्डात भरती होता. त्याआधी कितीतरी रात्री तो झोपला नव्हता, तरी थकत नव्हता. गावाला दोन मजली शाळा बांधून देतो, असे भेटेल त्याला सांगत फिरत होता. मग तोच भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. डॉक्टरांनी आजाराचे नाव बायपोलर सांगितले. ते आमच्या घरात कुणाच्या तोंडी बसले नाही.

ताई त्या वॉर्डच्या सिस्टर होत्या. मूळच्या सेलूच्या. आम्हा नर्सिंगच्या विद्यार्थिनींशी त्या पुढे नेहमी शुद्ध मराठीत बोलल्या. रुग्णांच्या घरच्यांशी मात्र वऱ्हाडीत. सुटी होताना त्यांनी आईला जवळ बसवून औषधे समजावली आणि म्हणाल्या, "बाई, औषधासारखीच याची झोपही सांभाळा. रातच्या कामाले याले धाडू नका."

आई म्हणाली, "लाईनच रातची येते. मंग बागेले पाणी कोण देणार?"

आमची संत्र्याची बाग, पंपाला वीज रात्रीच मिळे आणि वडिलांची कंबर गेलेली. पहिला हिवाळा काकांनी निभावून नेला. दुसऱ्या हिवाळ्यात काका वेगळे झाले आणि दादा स्वतःच बागेच्या ओलिताला, पाणी द्यायला, जाऊ लागला. रात्री जागायचा, दिवसा झोप लागायची नाही. आपण आता बरे झालो म्हणून त्याने गोळ्याही सोडल्या. पुन्हा तोच उत्साह, त्यामागून तीच मुकी उदासी. होळीच्या आधी दादा गेला. कसा गेला, ते मी इथे लिहिणार नाही.

तेरवीनंतर ताई एसटीने आष्टीला आल्या. रुग्णालयातून अशा वेळी कुणी येण्याची रीत नाही. त्या आईजवळ बसल्या. निघताना त्यांनी माझ्याकडे पाहून आईला विचारले, "ही झोपते का बरोबर?"

आईचा तोल गेला. "एक पोरगा गेला माहा. आता पोरीलेही येडी म्हणून राह्यल्या का?"

ताईंनी मान खाली घातली. भावंडांमध्ये या आजाराचा धोका अधिक असतो, प्रत्येकाला आजार होतोच असे नाही, पण तो येण्याआधी पुष्कळदा झोप बिघडते, हे त्यांना त्या घरात सांगता आले नसते. नमस्कार करून त्या निघाल्या. आईने त्यानंतर त्यांचे नाव घेतले नाही.

बारावीनंतर मी त्याच रुग्णालयात नर्सिंगला गेले, वडिलांच्या आग्रहामुळे. रात्रपाळीच्या पहिल्याच फेरीत मला दिवसा झोप लागेनाशी झाली. थकवा मुळीच नव्हता. डोके झरझर चाले, मी मैत्रिणींची कामे ओढून घेई, सगळ्यांना हसवी. माझे कौतुकच होत होते. एका सकाळी ड्यूटी सोपवताना ताईंनी हळूच विचारले, "शेवटची कधी झोपलीस?" मला आठवेना. मी हसले. ताई हसल्या नाहीत. त्याच दिवशी त्यांनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले, आणि पुढचे काही आठवडे आपल्या क्वार्टरमधल्या मागच्या खोलीत, खिडकीला चादर बांधून, ठेवून घेतले. वेळेवर भाकर, वेळेवर गोळी, वेळेवर अंधार. मी त्यांना वाट्टेल ते बोलले. त्या ऐकून घेत.

मी बरी झाल्यावर त्यांनी माझी रात्रपाळी बंद करायला लावली. वरिष्ठांचे म्हणणे असे, की जिला रात्रपाळी झेपत नाही तिने हा पेशाच सोडावा. बरोबरीच्या मुलीही चिडल्या. माझ्या रात्री त्यांच्या वाट्याला येत होत्या. ताईंनी वरिष्ठांना विचारले, "मधुमेह असलेल्या मुलीला आपण उपाशी ठेवून काम करायला लावू का?" मला सकाळ-संध्याकाळची ड्यूटी मिळाली आणि माझे शिक्षण पुरे झाले. ताईंची मेट्रनपदावरची बढती मात्र तेव्हापासून अडली ती अडलीच. वॉर्ड सिस्टर म्हणूनच त्या निवृत्त झाल्या. बढती अडण्याचे हे कारण मला त्यांच्या निरोप समारंभात दुसऱ्यांकडून कळले.

पुढच्या काळात वॉर्डात येणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या धाकट्या भावंडांची त्या चौकशी करत. कुणी ऐकत, पुष्कळजण रागावत. परीक्षेसाठी जागणाऱ्या मुलांच्या बापांना त्यांचे बोलणे अपशकुनी वाटे. त्यांतली काही मुले नंतर त्याच वॉर्डात आली. अशा दिवशी ताई डबा न उघडता घरी नेत.

आज ताई साठ वर्षांच्या झाल्या. या गौरवग्रंथाची कल्पना सांगायला आम्ही त्यांच्या विद्यार्थिनी गेलो, तेव्हा त्या रागावल्याच. म्हणाल्या, "सत्कार कशाचा करता? संजय तर गेला ना."

ताई, तो गेला हे खरेच आहे. त्याच घरातली मी मात्र आज गोळी घेऊन, वेळेवर झोपून, वेळेवर उठून कामावर जाते आहे. आपणांस उदंड आयुष्य लाभो, आपले गुडघे कुरकुरू नयेत, आणि इतरांच्या काळजीत ज्या आपल्या स्वतःच्या रात्री गेल्या, त्यांची गाढ, निवांत भरपाई आपल्याला मिळो.