उखर्डू नानांचा थंड हौद

उखर्डू नाना आमच्या भागातले गुळव्या. पिंपळनेरच्या आसपासच्या गुऱ्हाळांतल्या कढयांना त्यांचा हात ठाऊक होता. पुढे ऊस साखर कारखान्याकडे जाऊ लागला, गुऱ्हाळं एकेक करून विझली, आणि एकोणीसशे नव्वदच्या सुमारास नाना गावाबाहेरच्या मक्याच्या स्टार्चच्या लहानशा कारखान्यात राखणदार झाले. मका धुतलेल्या पाण्याचा हौद रोज संध्याकाळी नाल्यात सोडायचा, हेही काम त्यांच्याचकडे.

ते पाणी ताकासारखं पांढरं. पावसाळ्यात नाला ते गिळून टाकी. उन्हाळ्यात मात्र नाल्यात दुसरं पाणीच नसे. डबक्यांत साचून ते आंबे आणि त्याचा वास खालच्या गावापर्यंत जाई. त्या गावात नानांची धाकटी बहीण भागाबाई दिलेली. म्हशींच्या दुधावर तिचं घर चाले, आणि त्या आंबलेल्या पाण्याला म्हशी तोंड लावत नसत, तहानलेल्याच राहत.

होळीनंतरच्या बाजारात तिनं भावाला गाठलं.

"भाऊ, तू हौदनं दार खोलस आनि मन्या म्हशी तिस्याच राहतस. औंदा आखाजीले मी येत नही."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी झोका खेळायला आली नाही, तर आमच्या खानदेशात त्या घरी सण झाला असं कोणी म्हणत नाही.

गुळव्याला घाण काढायची एकच रीत माहीत. भेंडीची झाडं ठेचून पाण्यात चोळायची आणि तो चिकट रस उकळत्या उसाच्या रसात सोडायचा. मळी त्याला बिलगून वर येते, ती झाऱ्यानं काढायची. नानांनी मळ्यांतून तोड संपलेली झाडं आणि बाजारात न खपणारी जून भेंडी आणली. कारखान्याच्या मालकाला विचारलं. तो म्हणाला, "करा नाना, पाणी तसंही फेकायचंच आहे."

नानांनी हौदात रस ओतला आणि कढईच्या सवयीनं बांबूनं ढवळत, मळी वर येण्याची वाट बघत राहिले. पाणी पांढरं ते पांढरंच. दुसऱ्या दिवशी रस जास्त, ढवळणंही जास्त. दुपारी त्यांची बायको पुष्पाबाई भाकरी घेऊन आली.

"खाले आग नही, मळी वर कसी येई? हौद शे तो, कढई नही. चाला, जेवी ल्या."

नाना चिडले, पण भूक लागली होती. बांबू टेकवून निंबाखाली गेले. परत येऊन बघतात तर कापसासारखे पुंजके खाली बसत चाललेले, आणि वर वीतभर पाणी निवळलेलं. ज्या घाणीला ते वर बोलावत होते, तिला खाली जायचं होतं. त्यांचा बांबूच तिला बसू देत नव्हता.

"आते काय म्हन्तस गुळव्या?" पुष्पाबाईनं विचारलं.

"गुळव्याले भूक लागनी व्हती, तेच बरं झायं."

मग रोज पाणी आंबायच्या आत रस सोडायचा, जरा हलवायचं आणि हात आवरून बसायचं. हे बसणंच त्यांना फार जड गेलं. वरचं पाणी नाल्यात जाई, खालचा गाळ उकिरड्यात. बहिणीला त्यांनी निरोप धाडला नाही. पाणी जाईलच की तिच्या गावाला, म्हणाले.

आखाजीच्या आदल्या दिवशी भागाबाई आली, ती एका म्हशीला दोरानं ओढतच. भावाकडे न बघता तिनं म्हैस नाल्यात उतरवली. म्हशीनं हुंगलं आणि मान फिरवली. मग म्हशीनं पुन्हा तोंड घातलं आणि सावकाश पिऊ लागली.

"बठ्ठा वास गया नही अजून," भागाबाई म्हणाली.

"शे थोडा," नाना म्हणाले.

म्हशीचं पिऊन होईपर्यंत ती उभी राहिली. मग दोर भावाच्या हाती दिला.

"हिले बांध. झोका कोठे बांधेल शे?"