लेखाखालचं नाव

सांगलीला मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होते तेव्हाची गोष्ट. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या कॉलेजात इंटरनेट नुकतंच आलं होतं. आलं होतं म्हणजे एका कॉम्प्युटरवर. तो विभागातल्या एका सरांच्या खोलीत होता, आणि ऑफिसात कुणी फोन उचलला की लाइन तुटायची.

परदेशातल्या काही मराठी मंडळींनी इंटरनेटवर मराठी ज्ञानकोश काढला होता. त्यांना विज्ञानाचे लेख हवे होते. सरांनी वर्गात विचारलं, रेणुजीवशास्त्रावर कोण लिहील? सगळे खाली बघू लागले. मी हात वर केला. सरांनी हजेरीपटात पाहून माझं आडनाव मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "तू? बरं, बघू."

त्या 'बघू'चा अर्थ मी हॉस्टेलवर पोचेपर्यंत लावत होते. आमचं घर आजोबांच्या पिढीत बौद्ध झालेलं. आडनाव वाचून कुणी थांबलं की ते का थांबलं, हा विचार डोक्यात आपोआप सुरू व्हायचा. पुष्कळदा काहीच नसायचं. पण ते आधी कळण्याची सोय नसायची.

पेशी विभागताना डीएनएची नक्कल कशी होते, हा माझा विषय. मी कागदावर लिहून सरांच्या खोलीत टाइप केलं, सरांनी ते पाठवलं. आठवड्याभरात संपादकांचं उत्तर आलं. सरांनी ते छापून माझ्या हातात दिलं. स्तुतीचा एक शब्द नव्हता, नुसते प्रश्न.

"'डीएनए ठरवतो' असं आपण लिहिलं आहे. रेणू ठरवतो म्हणजे काय करतो?"

"'शास्त्रज्ञ मानतात.' कोणते? कुठे लिहिलं आहे?"

"पहिल्याच वाक्यात ही प्रक्रिया किती महत्त्वाची ते सांगितलंत. आधी ती काय आहे ते सांगा."

मला राग आला. या माणसाचा माझ्या एकाही वाक्यावर विश्वास नव्हता. त्याला दाखवायचंच म्हणून मी लायब्ररीत जाऊन बसले आणि एकेका वाक्याचा आधार शोधू लागले. तेव्हा लक्षात आलं की निम्मी वाक्यं मी नुसती कानावर पडलेली लिहिली होती. एका पुस्तकात नक्कल होतानाच्या चुका दुरुस्त करणाऱ्या विकराबद्दल, म्हणजे एन्झाइमबद्दल, एक होतं, दुसऱ्यात वेगळंच. मग तिसरं पुस्तक. हळूहळू स्वतःचं वाक्य दुसऱ्याचं असल्यासारखं संशयानं वाचायची सवय लागली. शिवाय खरं सांगायचं तर त्या 'आपण'नं मला जिंकलं होतं. तोवर मला लेखी 'आपण' कुणी म्हटलं नव्हतं.

प्रश्न येत राहिले, मी उत्तरं टाइप करत राहिले, सर पाठवत राहिले. शेवटचा खर्डा वाचून सर चष्म्यावरून माझ्याकडे पाहू लागले.

"वाचताना तुझं वाटत नाही. कुठून उतरवलंस?"

"मीच लिहिलंय, सर."

"मराठीत इतकं सरळ कुणी लिहीत नाही." त्यांनी फ्लॉपी खणात टाकली. "राहू दे माझ्याकडे. मी एकदा नजर टाकून पाठवतो."

दुसऱ्या कुणाला त्यांनी असं विचारलं असतं का, हे कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्या कुणी लिहिलंच नव्हतं.

सुट्टी लागायच्या दिवशी लेख कोशात चढल्याचं सरांनी सांगितलं, आणि मी रहिमतपूरला घरी आले. वडील फौजेतून निवृत्त झालेले. एसटीचं तिकीटसुद्धा ते दोन्ही बाजूंनी वाचून मग खिशात ठेवायचे. माझा लेख जगात कुठंही दिसतो, असं मी घरात सांगून बसले होते. ते त्यांना पटेना.

"कुटंबी दिसतंय तर मग साताऱ्यात बी दिसंल की. चल, दाव मला."

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एक इंटरनेट कॅफे निघालं होतं. वडील इस्त्रीचा सदरा घालून माझ्या शेजारी ताठ बसले. पान उघडायला बराच वेळ लागला. उघडलं ते बघून माझं तोंड उतरलं. मराठीचा एक शब्दही नव्हता. इंग्रजी अक्षरं, मधेच डोक्यावर टिंबं दिलेली परकी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, अशी सगळी खिचडी.

वडील पुढं वाकले. "ह्ये तू लिव्हलंस?"

"आवं आबा, हितं मराठी फॉन्ट न्हाई, म्हणून असं दिसतंय."

"ह्ये इंग्रजी बी न्हाई. मी फौजेत इंग्रजी वाचलंय."

"मराठीच हाय. फॉन्ट घातला की नीट दिसतंय."

"असंल," ते म्हणाले. पण आवाजात विश्वास नव्हता. पोरगी सांगलीला नक्की काय करते, असा प्रश्न मला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला.

त्यांना काहीतरी दाखवावं म्हणून मी पान खाली सरकवलं. तळाशी नाव असणार होतं. त्या काळी मराठी टाइप करायचं म्हणजे इंग्रजी बटणंच दाबायची, फॉन्ट त्यांना मराठी रूप द्यायचा. माझ्या नावाला कोणती बटणं लागतात ते बोटांना पाठ होतं. त्यामुळं त्या खिचडीतही मला माझं नाव ओळखू आलं. पण ते दुसऱ्या ओळीत होतं. वरच्या ओळीतली अक्षरं मी मांडीवर बोटं हलवून एकेक जुळवली. आधी आलं 'प्रा.'. मग सरांचं पूर्ण नाव. माझ्या नावाआधी एक शब्द होता, तोही जुळवला. 'टंकलेखन'.

"काय झालं?" वडिलांनी विचारलं.

"काय न्हाई. चला."

परतीच्या एसटीत वडिलांनी तिकीट दोन्ही बाजूंनी वाचून खिशात ठेवलं. ते मला खोटारडी समजत असावेत असं मला वाटत होतं, आणि खरं काय ते सांगायची लाज वाटत होती.

सांगलीला परतताच मी सरांच्या खोलीत गेले.

"सर, लेखाखाली तुमचं नाव आहे."

"मग? मार्गदर्शकाचं नाव वर जातं. पद्धत आहे."

"मला टंकलेखन म्हटलंय."

"टाइप तूच केलंस ना?" त्यांनी शांतपणे विचारलं. "आणि वाचणाऱ्याचा विचार कर. तुझ्या नावावर कोण विश्वास ठेवणार?"

मी विश्रामबागच्या कॅफेत जाऊन स्वतःचा ईमेल पत्ता काढला आणि संपादकांना सगळं लिहिलं. इतके महिने आपण माझ्याशीच बोलत होतात, असंही लिहिलं. त्यांचं उत्तर आलं: "आजवरचा सगळा पत्रव्यवहार प्राध्यापकांच्या पत्त्यावरून, त्यांच्या नावानं झाला आहे. तो आपण लिहिला, याला आधार काय?"

म्हणजे ते 'आपण' माझ्यासाठी नव्हतंच. माझ्या वाक्यांना आधार मागणारा हा माणूस आता मलाच आधार मागत होता, आणि तो देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. हस्तलिखितंसुद्धा टाइप झाल्यावर मी फाडून टाकली होती.

थोड्या दिवसांनी त्यांचं आणखी एक पत्र आलं, सरांना आणि मला एकत्र. मागचं कुणाचं खरं ते ठरवता येत नाही, म्हणून यापुढे कोशातल्या कुठल्याच लेखाखाली नाव राहणार नाही. ज्यांना लिहायचं त्यांनी आपापल्या पत्त्यावरून लिहावं. मला तो न्याय वाटला नाही, अंग काढून घेणं वाटलं. अजूनही पूर्णपणे वेगळं वाटत नाही. सरांचं नाव गेलं, पण माझंही गेलं.

तरी मी पुढचा लेख लिहिला, उत्परिवर्तनावर, म्हणजे डीएनएत होणाऱ्या बदलांवर. कॅफेत बसून माझ्याच पत्त्यावरून पाठवला. प्रश्न आले, पहिल्यापेक्षा जास्तच. हा मला तपासतोय की लेख, या शंकेनं मी प्रत्येक ओळ दोनदा वाचली. मग तिसरा लेख, मग चौथा. पहिल्या लेखाबद्दल त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही, मीही काढला नाही. घरी वडिलांना मात्र एकदा सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नाव न्हाई, तर मग सरानं लिवायचं सोडलं असंल." सोडलंच होतं.

परीक्षेच्या आधी सरांनी मला व्हरांड्यात थांबवलं. "अजून लिहितेस?"

"हो, सर. आता रायबोसोमवर."

ते आत गेले आणि कपाटातून एक नवं कोरं पुस्तक घेऊन आले. "यात चांगलं दिलंय. घेऊन जा."

मी पुस्तक चाळलं. यामागं काय असेल ते शोधत त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तिथं काहीच सापडलं नाही. पुस्तक चांगलं होतं. मी ते घेतलं, आभार मानले, आणि खर्डा त्यांना दाखवला नाही.