मोळे

उज्वलाताई आता नांदेडात खानावळ चालवते. नीटचा अभ्यास करणाऱ्या पोरी तिला मावशी म्हणतात. नऊ वर्षं ती ख्रिस्ती मठात सिस्टर होती, हे त्यांच्यापैकी एकीलाही ठाऊक नाही. मला ठाऊक आहे आणि मला अजून राग येतो, म्हणून लिहिते आहे.

त्र्याण्णवच्या भूकंपात किल्लारीकडच्या एका खेड्यात तिचं अख्खं घर माळवदाखाली गेलं. ती तेव्हा तेरा वर्षांची. लाकडांच्या फटीतून पांढऱ्या कपड्यांतली एक बाई हात आत घालून सारखी म्हणत होती, "मोळे, मोळे." आमच्याकडे मोळे म्हणजे खिळे. पोरीला वाटलं, बाई सांगतेय, लाकडांना खिळे आहेत, हलू नको. ती तसूभरही हलली नाही. पुढे कळलं, त्या बाई म्हणजे केरळच्या सिस्टर आग्नेस, आणि मल्याळममध्ये मोळे म्हणजे 'अगं लेकी'. त्या दिवशी ती पोटभर रडली. राहायचं तर यांच्यातच, असं तिनं तेव्हाच ठरवलं. दुसरं घर होतंच कुठं?

बाप्तिस्मा झाला, मठातली शिकाऊ वर्षं झाली, एकविसाव्या वर्षी पहिली व्रतं झाली. ही व्रतं दर वर्षी नव्यानं घ्यायची असतात. नऊ वर्षांत कायमची मिळाली नाहीत, तर मठ सोडायचा. तोवर लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. सिस्टरांनी मुलींचं होस्टेल काढलं आणि ताईला स्वयंपाकघर दिलं. बाकीच्या प्रार्थनेला आणि शिबिरांना, ही दीडशे पोरींच्या पोळ्यांना. मी उमैमा, उदगीरहून बारावीला आलेली. करपलेल्या पोळीवरून तिच्याशी भांडले आणि तिचीच होऊन गेले.

जेवणाच्या टेबलावर बाकीच्या पाचही सिस्टर मल्याळममध्ये बोलायच्या. सुरुवातीला त्या हसल्या की हीही उगाच हसायची. नंतर तिला सगळं समजायला लागलं, पण उच्चार चुकेल या लाजेनं तोंड उघडायची नाही. आणि तुला समजतं का, असं कुणी विचारलंही नाही.

नववं वर्ष सरत आलं. एका दुपारी ती ताक वाढत असताना तिच्यादेखतच तिचा निकाल लागला. आग्नेस तेव्हा मदर, म्हणजे मठाच्या प्रमुख, झाल्या होत्या. "कामाला चांगली आहे," त्या मल्याळममध्ये म्हणाल्या, "पण मिसळत नाही. टेबलावर मुकी बसते. आपली वाटतच नाही." ताईनं सगळ्यांना ताक वाढलं आणि स्वयंपाकघरात येऊन मला शब्दाला शब्द सांगितलं.

"मग तिथंच बोलायचं ना!" मी ओरडले.

"काय बोलू? नऊ वरसं ऐकून राहिले, ते बी दिसलं न्हाई त्यांना."

दुसऱ्या दिवशी आग्नेस गोड मराठीत म्हणाल्या, देवाची तुझ्यासाठी वेगळी योजना आहे, हवं तर पगारावर स्वयंपाकाला राहा. देवाला स्वयंपाकीण हवी होती म्हणे! ताई नको म्हणाली.

फाटकापर्यंत तिची पेटी मी धरली होती. मागून आग्नेस आल्या. त्यांचे डोळे खरंच भरले होते, एवढं मी मान्य करते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"मोळे," त्या म्हणाल्या.

ताईनं तो हात बाजूला केला.

"काय म्हणालात, सिस्टर? मला तुमची भाषा येत न्हाई."