सनईची सुपारी

औराद तालुक्यातल्या पोरींची लग्नं त्यांच्या त्यांच्या बापांनी ठरवली असतील, पण ती वाजवली आमच्या चुलतसासऱ्यांनी, असं म्हणायला हरकत नाही. आणि त्यांना स्वतःला पिपाणीसुद्धा वाजवता येत नाही. माझ्या बायकोचे हे थोरले काका. सगळा गाव त्यांना अप्पा म्हणतो. आडतीचं दुकान मुलाकडे सोपवल्यापासून लोकांच्या लग्नाला सनईवाला शोधून देणं एवढाच उद्योग त्यांनी अंगावर घेतला आहे. तो त्यांना कोणी दिलेला नाही, पण काढून घ्यायचीही कोणाची छाती होत नाही.

सनईवाला ऐकायचा तर सकाळी, आणि त्याच्या पोटात चहा जाण्याआधी, हा त्यांचा नियम. ‘पोटात च्या गेला की कोणबी वाजवतंय,’ असं ते म्हणतात. अक्षतांचं वाजवणं ते ऐकतच नाहीत, कारण त्या वेळी सगळ्यांचं लक्ष जेवणाकडे असतं. पाठवणीची धून आधी वाजवायला लावायची, आणि सनईवाल्याकडे न बघता त्याच्या घरातल्या बायकांकडे बघायचं. रोज तेच ऐकून विटलेल्या त्या बायकांचा भांडी घासणारा हात क्षणभर थांबला, की सुपारी पक्की. एकदा असाच एक जण नापास झाला, तेव्हा मुलीच्या बापाने चाचरत विचारलं, ‘माणूस कसा वाटला अप्पा?’ अप्पा म्हणाले, ‘माणूस लई चांगलाय. पोरगी द्यायची तर द्या, सुपारी देऊ नका.’

वाजवणारे पारखायला ते अनोळखी लग्नांनाही जात. भालकीकडच्या एका लग्नात मुलीकडच्यांना ते मुलाकडचे वाटले आणि मुलाकडच्यांना मुलीकडचे. दोन्हीकडून टॉवेल-टोपीचा आहेर झाला. अप्पांनी दोन्ही टोप्या एकावर एक घातल्या आणि सनई संपेपर्यंत उठले नाहीत.

अलीकडे त्यांना ऐकू कमी येऊ लागलं होतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, त्यांना सोडून. ‘लोकच हळू बोलायलेत आजकाल,’ हे त्यांचं निदान. मुलाने कानाचं मशीन आणलं, ते देवळीत पडून राहिलं.

अशात त्यांच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरलं. मुलगा कलबुर्गीचा. कमठाण्याचा सनईवाला अप्पांनी कधीच हेरून ठेवला होता. त्याला सांगायला आम्ही दोघं गेलो, तेव्हा वाटेत ते मला म्हणाले, ‘जावईबापू, गावच्या सगळ्या पोरी सनईवर पाठवल्या. आता माझी जायलीय. तेवढी एक कान भरून ऐकली, की झालं.’ एवढी एकच मागणी त्यांनी आयुष्याकडे केलेली मी ऐकली आहे.

पण रीत म्हणून व्याह्यांना विचारायला हवं. अप्पांनी फोन लावला, कानडीत वाजंत्रीचं विचारलं, मग पुन्हा विचारलं आणि फोन खाली ठेवला. ‘ब्यांड म्हणायलेत,’ एवढंच बोलले. व्याह्यांच्या शब्दाला दुसरा शब्द नाही. दुसऱ्याच दिवशी ते स्वतः कमठाण्याला जाऊन सुपारी मोडून आले, आणि बिदरचा बँड ठरला.

लग्नाच्या दिवशी लाल कोटातली ती पलटण मंगल कार्यालयासमोर वाजवायला लागली, तेव्हा पत्र्यावरची कबुतरं गेली ती परत आली नाहीत. व्याही हात जोडून उभे होते. सोसवेना तेव्हा माझ्याजवळ आले. ‘अप्पांना एवढी हौस हाय, मग आमी कामून मोडायची, म्हणून गप बसलो. आमच्याकडं काई वाजवत न्हाईत, नुसती शरणांची वचनं म्हणून लगीन लावतेत. मी ब्याडरी म्हणलो होतो बगा. दोनदा म्हणलो.’

आमच्याकडच्या कानडीत ब्याडरी म्हणजे नको हो. अप्पांना कानडी घरातल्या मराठीइतकीच येते, तेव्हा चूक भाषेची नव्हती. जो बँड दोन्ही व्याह्यांपैकी एकालाही नको होता, तो दोघांच्याही मानाखातर वाजत होता.

मला फार वाईट वाटलं. पाठवणीला अजून अवकाश होता. मी अप्पांना बाजूला घेऊन त्यांच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं. ‘गाडी पाठवतो कमठाण्याला. पाठवणीपर्यंत सनईवाला येईल.’

त्यांनी माझा हात धरला. ‘ऱ्हाऊ द्या बापू. सुपारी मोडायला गेलतो ना, तवा त्यानं मला बसवून घेतलं. म्हणला, लेकीची हाय, तुमी तरी ऐकून जावा. गाल फुगले त्याचे, बोटं हालली. बायका भांडी टाकून बसल्या. मला काईच ऐकू आलं न्हाई.’



संध्याकाळी लेक निघाली. बँडवाल्यांनी पाठवणीची धून धरली आणि मंडळी दोन पावलं मागे सरकली. अप्पा मात्र पुढे झाले, थेट क्लॅरिनेटवाल्याच्या खांद्याशी जाऊन उभे राहिले. लेक तिथेच येऊन त्यांच्या गळ्यात पडली. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते थोडा वेळ ऐकत राहिले.

‘बेसूर वाजवायलाय गं,’ ते म्हणाले, आणि रडायला लागले.