मधला ठोका

"कोण मारतंय? अहो, मधे कोण मारतंय?"

ध्वनिमुद्रणासाठी पुण्याहून आलेला माणूस इतक्या जोरात ओरडला, की जुळे सोलापुरातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरची कबुतरं उडाली ती थेट कर्नाटक सीमेवरच्या दुधनीच्या बाजारात जाऊन बसली असणार. निदान मी सगळ्यांना तसंच सांगतो. हेडफोन त्याने ओढून गळ्यात घेतला होता. आवाज घुमू नये म्हणून स्वयंपाकघराच्या चारी भिंतींवर पलंगावरची सोडून घरातल्या झाडून सगळ्या चादरी लटकवल्या होत्या. मधोमध दगडी उखळ, त्यात भाजलेल्या शेंगदाण्यांची चटणी, आणि उखळापाशी माझी आई. हातात मुसळ. एकच.

"मावशी, तुम्ही एकदा मारताय," तो म्हणाला. "मला दोन ऐकू येतायत."

आईने पदराने कपाळ टिपलं. "मग?"

त्या 'मग'ला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, आणि माझ्याकडे उत्तर नसणं ही सोलापुरात उन्हाळा थंड जाण्याइतकी दुर्मिळ गोष्ट आहे.

लोक म्हणतात मी थोडं वाढवून सांगतो. 'थोडं' हा शब्द त्यांचा. आई म्हणते, "ह्यो शेंगदाना आनतो नि पोतं सांगतो." तेव्हा हे जे लिहितोय त्यातलं पोतं कुठलं आणि दाणा कुठला हे तुम्ही बघा. मी मुळापासून सांगतो.

येतं वर्ष सोलापुरात संस्कृतीचं, संगीताचं, खेळाचं आणि खाण्याचं वर्ष म्हणून साजरं करायचं ठरलंय. त्यासाठी समित्या झाल्या. माझं पोट बघून मला खाण्याच्या समितीत टाकलं. पहिल्या बैठकीला सगळं शहर एका हॉलमध्ये कोंबलं होतं. तालमीतले पैलवान म्हणत होते वर्षाची सुरुवात कुस्तीने. हलगीवाले म्हणत होते, हलगीशिवाय कुस्ती म्हणजे नुसती झटापट. कडक भाकरीवाल्या बायका एका कोपऱ्यात आणि हुरड्याचे शेतकरी दुसऱ्या. उजनीच्या काठचा एक बागायतदार 'आमच्या माशांचं काय' म्हणून उभा राहिला तो बसेचना. अध्यक्षांनी टेबलावर इतक्यांदा हात आपटला की टेबलाला भोक पडलं.

मग मी उठलो. उठायला नको होतं.

"अहो, तुमचं संगीत एकीकडं, खेळ एकीकडं, खाणं तिसरीकडं," मी म्हणालो. "आमच्या घरात तिन्ही एका उखळात होतं की!"

आणि मी सांगितलं. की माझी आई आणि शेजारची अक्का, दोघी समोरासमोर उभ्या राहून एका उखळात दोन मुसळांनी चटणी कुटतात. एकीचं वर, तर दुसरीचं खाली. ठोक, ठोक, आणि मधल्या श्वासाएवढ्या वेळात आईचा डावा हात उखळात जातो, चटणी उलथून बाहेर येतो. जरा चुकलं तर बोटांचीच चटणी. चाळीस वर्षांत एक ठोका चुकलेला नाही. त्या ठोक्यावर खालच्या गल्लीतले हातमाग चालायचे, पैलवान बैठका मारायचे, शाळेतली पोरं पाढे म्हणायची.

उजनीचा बागायतदारसुद्धा खाली बसला. अध्यक्ष म्हणाले, "ठरलं. वर्षाचं उद्घाटन ह्याच आवाजानं. आधी रेकॉर्ड करू, मग मंचावर दोघी. मालक, जोडी तुम्ही आणायची."

मी हो म्हणालो. एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली. अक्का जाऊन दोन वर्षं झाली होती.

अक्का तेलुगू. नवरा मागावर कामाला. आई दुधनीकडची, कानडी बोलत वाढलेली. पूर्व भागातल्या आमच्या जुन्या बोळात दोघींची दारं समोरासमोर. कुटताना दोघींना दोनच शब्द लागत. अक्का म्हणायची "आगु", म्हणजे थांब. आई म्हणायची "साकु", म्हणजे पुरे. भांडायला मात्र दोघी मराठी वापरत. एकदा नळाच्या पाण्यावरून भांडण झालं आणि अकरा वर्षं एक शब्द बोलल्या नाहीत. 'आगु' आणि 'साकु' सोडून. त्या अकरा वर्षांतही दर आठवड्याला अक्का आपलं मुसळ घेऊन आमच्या दारात यायची, तोंड फिरवून उभी राहायची आणि कुटायची. त्या काळातली चटणी अशी तिखट असायची की टपाल देणारा दारावरूनच रडत जायचा.

एका दुपारी अक्का आली नाही. शेंगदाणे भाजून सोलून ठेवलेले, लसूण सोललेला, तिखट-मीठ मोजून घातलेलं. आई दारात उभी राहिली. मग समोर गेली. अक्का खाटेवर कुशीला झोपल्यासारखी होती.

सगळं उरकून, माणसं पांगल्यावर आई घरी आली आणि तीच चटणी एकटी कुटायला बसली. नाही, बसली नाही. उभी राहिली. आणि तेव्हा मी ते पहिल्यांदा पाहिलं. ती एक ठोका मारायची, मुसळ वर घ्यायची आणि थांबायची. दुसरा ठोका पडायला जेवढा वेळ लागतो, बरोबर तेवढी. मग डावा हात आत, चटणी उलथायची, हात झटकन बाहेर. एकटीनेच कुटायचं तर हात इतक्या घाईने काढायची काही गरज नव्हती. वरून कुणाचं मुसळ येणार नव्हतं. तरी ती काढायची. आणि मधे कधीतरी पुटपुटायची, "आगु".

नंतर आम्ही ह्या फ्लॅटमध्ये आलो. आई म्हणाली उखळ आलं तर मी येईन. ते उखळ तिसऱ्या मजल्यावर चढवायला आठ माणसं लागली. त्यातले दोघं अजून वाकून चालतात. उखळाबरोबर दोन्ही मुसळं आली. अक्काचं मुसळ तिच्या मुलीने आईला देऊन टाकलं होतं. ते स्वयंपाकघराच्या दारामागे उभं राहतं. त्याला कुणी हात लावत नाही.

पहिल्याच महिन्यात खालच्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले साहेब वर आले. "तुमच्या घरातल्या दोघी बायका," ते म्हणाले, "दुपारी जरा झोपू देतील तर बरं."

"साहेब, बाई एकच आहे," मी म्हणालो.

ते हसले. माझ्याबद्दल त्यांच्या कानावर आलेलं दिसत होतं. आयुष्यात मी एकदा साधं खरं बोललो आणि त्यावर माणूस हसला.

तर अशा घरातून मला जोडी न्यायची होती. आईला बैठकीतलं सांगितलं तेव्हा ती गव्हातले खडे काढत होती.

"तू जोडी कबूल केलीस?"

"केली."

"कुनाची?"

मी गव्हातला एक खडा उचलून तिच्या हातावर ठेवला.

ती म्हणाली, "मी एकटी कुटीन. आवाज घ्यायचा तर घ्या म्हनावं."

पण अध्यक्षांना दोन बायका हव्या होत्या. एकटी बाई मंचावर बरी दिसत नाही, म्हणाले. दोन दिवसांनी त्यांनी एका बचत गटातली बाई पाठवली. बाई चांगली होती. हाताने दणकट, बोलायला गोड, आल्याआल्या आईच्या पाया पडली. स्वतःचं मुसळ घेऊन आली होती. आईने मारला, तिने मारला. आईने मारला, तिने मारला. अगदी वेळेवर, अगदी बरोबर जागेत. तिसऱ्याला आईचा हात अर्ध्यातच थबकला. तोंड पांढरं पडलं होतं.

"आगु," आई म्हणाली.

बाईला कळलं नाही, पण ती थांबली.

"बाई, तुजं काय बी चुकलं न्हाय," आई तिला म्हणाली. "पन हितं जागा न्हाय."

चहा पाजून, डबाभर चटणी बांधून देऊन आईने तिला पाठवलं. मी चिडलो. माझी अब्रू जायची वेळ आली होती ना. म्हटलं मीच कुटतो. आईचं मुसळ उचललं आणि पहिला ठोका उखळाच्या काठावर, दुसरा फरशीवर. खालून साहेब इतक्या वेगाने वर आले की लिफ्ट त्यांच्या मागून आली.

ते गेल्यावर मी आईला विचारलं, "दुसरीनं मारलं तर तुझं काय जातंय?"

आई उखळाच्या काठावरचे दाणे बोटाने आत ढकलत होती.

"दुसरीचा ठोका तितं पडला की तिचा बंद हुईल," ती म्हणाली. "मग मी कुनासाटी थांबू?"

मला वाटलं होतं, आई सवयीने थांबते. सवय म्हणून समजावता येतं, मोडता येतं. पण ती तिथे थांबायची कारण तिथे कुणीतरी होतं, आणि माझ्या बढाईपायी मी ती जागा भाड्याने द्यायला निघालो होतो. त्या दिवसापासून दुपारी स्वयंपाकघरातून आवाज यायला लागला की मी मोजायचो. एक. मग रिकामं. एक. मग रिकामं. आणि खरं सांगतो, मोजताना त्या रिकाम्याकडे कान द्यायची मला भीती वाटायची. मी हॉलमधे जाऊन टीव्ही मोठा करायचो.

अध्यक्षांनी शेवटचं सांगितलं: रेकॉर्डिंगच्या दिवशी जोडी नसेल तर दुसऱ्या गल्लीतल्या दोघींना घेऊ, उखळही त्यांचंच. आई म्हणाली, "घेऊ दे की." पण रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी उठून तिने शेंगदाणे भाजले, नेहमीच्या दुप्पट.

आणि म्हणून तो पुण्याचा माणूस आमच्या स्वयंपाकघरात ओरडत होता.

त्याने पुन्हा घेतलं. आईने कुटलं. तो डोळे मिटून ऐकत होता, आणि प्रत्येक रिकाम्या जागी त्याची मान किंचित हलत होती. त्याने एक चादर आणखी मागितली. मी पलंगावरची काढून दिली. पुन्हा घेतलं. मग तो खाली जाऊन साहेबांच्या घराची भिंत कुणी ठोकतंय का बघून आला. साहेब त्याच्यामागून वर आले, बनियनवर.

"आम्हाला काय विचारता?" साहेब म्हणाले. "आम्हीच दोन वर्षं सांगतोय ह्यांना, दोघींनी दुपारी कुटू नका म्हणून. ऐकतंय कोण!"

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मला माहीत होतं, मी जे बोलेन त्यातलं निम्मं लोक सोडून देतात. मग त्याने हेडफोन काढून माझ्या कानांवर ठेवला आणि मुद्रण मागे नेऊन लावलं.

आईचा ठोका आला. जड, दगडाशी ओळख असलेला. मग रिकामी जागा.

ती रिकामी नव्हती. दुसरा ठोका हलका होता, जरासा तिरका. अक्काच्या उजव्या खांद्याला जुनी दुखापत होती. तिचं मुसळ नेहमी तिरकं पडायचं. अकरा वर्षं तोंड फिरवून उभी राहिली तेव्हाही तिरकंच पडायचं. हे मी त्या माणसाला कधी सांगितलं नव्हतं. बैठकीतही सांगितलं नव्हतं. मी हेडफोन काढला.

तेवढ्यात अध्यक्षांचा फोन. मी स्पीकरवर टाकला, कारण कानाला लावायची हिंमत नव्हती.

"ओ मालक, जोडी आहे की नाही? नसेल तर तिकडच्यांना गाडी पाठवतो."

आईने मुसळ दोन्ही हातांनी धरलं होतं. ती फोनकडे बघत नव्हती. उखळाच्या पलीकडे, जिथे कुणी नव्हतं, तिथे बघत होती. मी काय म्हणतो याची वाट ती बघत होती, हे मला तिच्याकडे बघूनच कळलं. आणि मला, ज्याने आयुष्यभर हवेतून माणसं उभी केली, त्याला एक बाई उभी करता येईना.

"जोडी आहे," तो पुण्याचा माणूस म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता. "फार जुनी आहे. गाडी पाठवू नका."

"झकास!" फोनमधून आवाज आला. "मंचावर पाटीवर लिहायचंय. मावशींचं आहे आमच्याकडं. दुसऱ्या बाईंचं नाव काय लिहू?"

पुण्याच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे.

"अक्का लिवा," आई म्हणाली. "म्होरं उबी राहायला जागा सोडा म्हनावं तितं."

फोन बंद झाला. साहेब खाली गेले. पुण्याच्या माणसाने तारा गुंडाळल्या. त्याला चटणीचा डबा दिला तर त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, देवळातला प्रसाद घ्यावा तसा. आईने चटणी पातेल्यात काढली. "साकु," ती म्हणाली. मला नाही.

मी चादरी उतरवायला लागलो. शेवटची दारावर होती. ती ओढताना मागचं अक्काचं मुसळ कलंडलं, मी धरलं. माझी बोटं त्याच्या लोखंडी कड्याला लागली आणि तेलकट झाली. उजेडात धरून पाहिलं. कड्याच्या कडेला लाल चटणी होती, एका बाजूला जास्त.

ते मुसळ गरम होतं असं मी सांगू शकलो असतो. सांगत नाही. गरम नव्हतं. नुसतं ओलं होतं.

"आई," मी म्हणालो, "हे बघ. ह्याला चटणी लागलीय."

आईने मागे वळूनही पाहिलं नाही.

"पुसून ठेव," ती म्हणाली. "मुंग्या लागत्यात."